हेडलाइटमधले पाणी: बाष्प की गळती?

प्रश्न : माझी गाडी सात वर्षांची असून तिला हॅलोजन बल्ब आहेत. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या हेडलाइटची काच आतून धुरकट होते आणि तळाशी चमचाभर पाणी साचते. उजवी बाजू कोरडी असते. मेकॅनिकने मागच्या बाजूने सर्वत्र सिलिकॉन भरले, तरी फरक पडला नाही. आता तो तळाला बारीक छिद्र पाडू या, असे म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : छिद्र कृपया पाडू देऊ नका. त्यातून साचलेले पाणी उतरेल, पण चाकाने उडवलेला चिखल आणि धूळ त्याच वाटेने आत जाईल.

हेडलाइट हवाबंद असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो मुद्दामच तसा बनवलेला नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते, आणि तो विझल्यावर किंवा वरून गार पावसाचे पाणी पडल्यावर तीच हवा आकुंचन पावून बाहेरची हवा आत ओढून घेते. ही ये-जा व्हावी म्हणून मागच्या बाजूस हवेसाठी लहान वाटा ठेवलेल्या असतात. कुठे वाकवलेली रबरी नळी असते, तर कुठे हवा जाऊ देणारी पण पाण्याचा थेंब अडवणारी पातळ चकती. पावसाळ्यात कोकणच्या हवेत काचेच्या आतून विरळ धुके धरणे आणि दिवे लावून काही वेळ गाडी चालवल्यावर ते निघून जाणे, यात दोष काही नाही.

आपल्या दिव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. 30 अंश सेल्सिअसची बाष्पाने पूर्ण भरलेली हवा दर घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम पाणी धरते. दिव्याची पोकळी सढळ हाताने 10 लिटर मानली, तरी तिच्यातल्या हवेत 0.3 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा थेंबच पाणी असेल. चमचाभर पाणी अशा हवेतून साचत नाही, ते पाणी म्हणूनच आत शिरते; शिवाय त्याच हवेत उजवा दिवा कोरडा आहे.

तेव्हा शोध मागून सुरू करावा. बल्बभोवतीचे रबरी बूट, म्हणजे मागून पाणी अडवणारे रबरी आवरण, आधी पाहा. बल्ब बदलताना ते उलटे बसवले जाते, त्याची कड दुमडलेली राहते, किंवा एलईडी बल्ब बसावा म्हणून ते चक्क कापले जाते. माझ्या पाहण्यात पाण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्यानंतर हवेची नळी निसटली आहे का, ती चिखलाने बुजली आहे का आणि मेकॅनिकच्या सिलिकॉनने तीच बंद तर झाली नाही ना, हे तपासावे. तसे झाले असेल तर आलेले पाणी वाळायलाही वाट उरत नाही. एवढे करून दोष सापडला नाही, तर दिवा बाहेर काढून हवेच्या वाटा तात्पुरत्या बंद कराव्यात, काच आणि मागचा डबा यांच्या सांध्यावर साबणाचा फेस लावावा आणि बल्ब बसतो त्या तोंडातून नळीने हलकेच फुंकावे. बुडबुडे येतील तिथे गळती आहे. बम्परला कधी धक्का बसला असेल, तर त्या कोपऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे.

दुरुस्तीपूर्वी दिवा पूर्ण वाळवावा. बूट आणि बल्ब काढून दिवसभर कोरड्या जागी ठेवावा, किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्यावी. आत कापड घालून परावर्तक पुसू नये, कारण त्याच्यावरचा चकाकता थर फार पातळ असतो. हॅलोजन बल्बच्या काचेलाही उघडे बोट लावू नये. सांध्यातली फट बारीक असल्यास जुने सिलिकॉन खरवडून तेवढ्याच जागी नवे भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे, त्याच्या वाफेने धातूचा थर खराब होऊ शकतो. काचेलाच तडा असेल तर मात्र दिवा बदलणे इष्ट.

प्रश्न : हेडलाइटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिवा बाहेर काढून वाळवताना, बल्बच्या तोंडाशी रात्रभर ठेवण्यास हरकत नाही. कायमच्या आत ठेवू नयेत. हवेच्या वाटेने बाष्प येतच राहते, त्यामुळे त्या लवकरच निकामी होतात, आणि पुडी घसरून तापलेल्या हॅलोजन बल्बला टेकली तर वितळून किंवा जळून दिवा बिघडवते.