काळ्या निकरवरचा फिकट डाग

"मॅडम, मला ॲसिड जातंय."

सतरा वर्षं समुपदेशन करतेय, पण हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, पित्ताचं म्हणतेय. पुण्याच्या पेठांमधे कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींना पित्त असतंच. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मेसचा डबा, रात्री एकपर्यंत अभ्यासिका. पण तिनं मान हलवली. सॅकमधून एक पिशवी काढली, त्यातून दुसरी, आणि दुसरीतून एक काळी निकर काढून टेबलावर ठेवली. धुतलेली, नीट घडी घातलेली. मधोमध कापडाचा रंग उडून विटकरी-पिवळट झालेला, ब्लीचिंग पावडर सांडावी तसा.

"पाच निकरी अशाच झाल्यात. घासूनसुद्धा जात नाही. कापड जळतंय मॅडम, मग आत काय होत असेल?"

मुलगी तेवीस वर्षांची, मराठवाड्यातली. तिला विचारूनच हे लिहितेय, ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. पीएसआयची तयारी चालली होती, पण ग्राउंडवर अर्ध्या फेरीत दम लागायचा, कंबर धरायची, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि याचं कारण तिच्या लेखी पक्कं होतं: अंगावरून पांढरं जातं.

तिला ते कुणी कुणी कसं सांगितलं होतं, हे ऐकण्यासारखं आहे. आत्या म्हणाली, ही धुपणी, हाडाचं पाणी होऊन जातं. रूममेट म्हणाली, इन्फेक्शन आहे, स्वच्छता ठेव. मेडिकलवाल्यानं काही न विचारता चार गोळ्यांचं एक किट हातावर ठेवलं. ते तिनं दोनदा घेतलं, दोन्ही वेळा दोन दिवस तोंडाला लोखंडाची चव होती. मोबाइलवर बघून 'श्वेतप्रदर' घालवणारं एक चूर्णही मागवून झालं होतं. शेवटी तिनं आपल्या मनानं दिवसातून तीनदा जंतुनाशक घातलेल्या पाण्यानं आतपर्यंत धुवायला सुरुवात केली. आता आग होत होती. म्हणजे आतलं ॲसिड वाढलं, असा तिचा हिशेब.

मी आधी त्या डागाचंच बोलले. योनीत चांगले जिवाणू राहतात, दूध विरजणाऱ्या जिवाणूंच्याच गोतावळ्यातले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून तिथला सामू (पीएच) ३.८ ते ४.५ च्या आसपास असतो, म्हणजे साधारण दह्या-टोमॅटोइतका आंबटपणा. हा आंबटपणाच बाहेरच्या जंतूंना आत टिकू देत नाही. स्राव काळ्या किंवा गडद कापडावर रोज वाळला की रंग उडतो. कापड जळत नाही, फक्त रंग जातो. पांढऱ्या निकरवर तोच स्राव वाळून पिवळसर दिसतो.

"म्हणजे हे सगळ्यांना असतं?"

"माझ्याही होत्या अशा काळ्या निकरी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पन्नाशीची बाई टेबलापलीकडून असं काही बोलेल, ही तिची अपेक्षा नसावी. प्रशिक्षणात आम्हाला स्वतःचं सांगू नका असं शिकवतात. कधी कधी मी ते मोडते.

मग तिला एक काम दिलं. पाळी संपल्यापासून पुढची येईपर्यंत रोज एक ओळ लिहायची: ओलं की कोरडं, पातळ की घट्ट, वास, खाज. एमपीएससीची मुलगी, तिनं चार रंगांची पेनं वापरून तक्ताच केला. पाळीनंतर दोन-तीन दिवस जवळजवळ काही नाही. मग थोडं दुधट, चिकट. बाराव्या-तेराव्या दिवसापासून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, बोटांत धरलं तर तार येईल असं, आणि तिच्याच शब्दांत 'सगळ्यात भीती वाटायची ते हेच दिवस'. त्यानंतर पुन्हा घट्ट, कमी. बीजांड बाहेर पडायच्या सुमाराला शरीर तो पातळ स्राव मुद्दाम बनवतं. वहीच्या त्या पानावर तिनं बाजूला लिहिलं होतं, 'इथे ओव्ह्युलेशन?' प्रश्नचिन्हासकट. मी प्रश्नचिन्ह खोडलं.

पण वही भरायच्या आधी तपासणी हवीच होती, कारण आग होत होती. तपासणी म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "आतून बघतील का? पुढं लग्नात काही..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नसते, आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी हे अर्धं वाक्य येतं. संबंध आलेले नसतील तर डॉक्टर आतून तपासत नाहीत, बाहेरून बघतात, लागलंच तर पातळ कापसाच्या काडीनं नमुना घेतात, आणि तेही तुला विचारून. 'पडदा' हे बाटलीचं सील नव्हे, खेळताना-धावताना ताणला जाऊ शकतो, काहींना जन्मतःच नावापुरता असतो. एवढं सांगितलं आणि पुढं गेले. त्या विषयावर फार वेळ बोललं की त्याला उगाच मोठेपण मिळतं.

आमच्या डॉक्टरांनी बघितलं. जंतुसंसर्ग नव्हता. बाहेरची त्वचा मात्र लाल, सोललेली. आग जंतुनाशकानं लावली होती, ॲसिडनं नव्हे. साधं पाणी, तेही फक्त बाहेरून, बाकी सगळं बंद. आणि निकर कुठे वाळत घालतेस? हे मी हमखास विचारते. कॉटच्या दांडीला, टॉवेलच्या आत. आठ मुलींच्या खोलीत दुसरीकडे कुठे घालणार, मालकाच्या गच्चीवर? तिथं मुलंही राहतात. ओलसर निकर अंगावर चढवणाऱ्या किती मुली या शहरात असतील याचा मी विचार करते तेव्हा मला चीड येते. तिनं आणि रूममेटनं मिळून खिडकीच्या गजांना दोरी बांधली. मालकीणबाईंनी एक दिवस कटकट केली, मग गप्प बसल्या.

आता कंबर, दम आणि अंधारी. इथं मला डॉक्टर मंडळींशी थोडं भांडायचंय. अशा मुलीला 'हे नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नकोस' म्हणून परत पाठवलं जातं. पांढरं जाणं नॉर्मल असेल, दम लागणं कुठे नॉर्मल आहे? हिमोग्लोबिन काढलं, ८.६ आलं. निदान १२ हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता, त्यातलीच ही एक. पाळीत पहिले तीन दिवस भरपूर जायचं, जेवण मेसचं, आणि जेवणावर लगेच चहा. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा तास-दोन तासांनी, शी काळी झाली तर घाबरायचं नाही.

"शाळेत सोमवारी निळी गोळी द्यायचे, तीच का ही?" तिनं विचारलं. तीच जातकुळी. "मळमळायचं म्हणून आम्ही सगळ्या संडासामागं टाकायचो. तिथं कुंपणाशी निळा सडा असायचा." सांगताना तिला हसू आलं, मलाही.

तिसऱ्या भेटीला ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून परत आली. खरा प्रश्न बहुतेकदा दारातूनच परत येतो. "एक विचारू? मी कधी कधी... स्वतःच हातानं... त्यामुळं हे सुरू झालं का?" आठवीपासून ती हे एकटीनं वागवत होती. मुलांसाठी निदान भिंती तरी रंगवलेल्या असतात, 'धातू जाणे, गुप्तरोग' म्हणून, खोट्या का होईना. मुलींना एवढंही कुणी सांगत नाही, मग त्या कार्यकारणभाव आपणच जोडतात: मी ते केलं, म्हणून हे जातंय, म्हणून मला धावता येत नाही. नाही गं, मी म्हटलं. त्यानं पांढरं जात नाही, रक्त कमी होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. ती रडली नाही वगैरे. "बरं," म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून गेली.

सगळंच पांढरं जाणं असं निरुपद्रवी असतं, असं मात्र कुणी समजू नये. गडचिरोलीत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मधे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. दह्याच्या चोथ्यासारखं जाऊन खाज सुटत असेल तर बुरशी असते. राखाडी, पातळ आणि मासळीसारखा वास आला तर जिवाणूंचा तोल बिघडलेला. हिरवट, फेसाळ असेल, ओटीपोटात दुखून ताप येत असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, उपचार मोफत. १० ते १९ वयाच्या मुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक. मेडिकलमधलं किट हे त्याला उत्तर नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते अर्थातच वहीत उतरवून घेतलं होतं. दिवाळीला घरी गेली तेव्हा ती वही आईच्या हाती लागली, की हिनंच ती समोर ठेवली, हे मला अजून कळलेलं नाही. दिवाळीनंतर दोघी आल्या. आई चव्वेचाळीसची, नऊवारीचा पदर डोक्यावरून, हातात पिशवी. लेकीला मी बाहेर बसवलं.

आईचं वाक्यही तेच: "अंगावरून पांढरं जातंय." फक्त तिचं सहा वर्षं जात होतं. हिरवट. खाज इतकी की रात्री उठून बसायची. डॉक्टरांनी तपासलं, ट्रायकोमोनास निघाला, म्हणजे संबंधातून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी. गर्भाशयाच्या मुखाचीही चाचणी केली, ती सुदैवानं ठीक आली. औषध सोपं आणि स्वस्त, पण नवऱ्यानंही त्याच वेळी घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तिच्याकडे येतं. दोघांचं पुरं होईपर्यंत संबंध नकोत.

इथं ती गप्प झाली. "त्यांना काय म्हणून देऊ?"

या एका प्रश्नावर आम्ही अर्धा तास बसलो. चहातून देते, म्हणाली. मी नको म्हटलं; माणसाला न सांगता औषध घालायचं नाही. जंतू आहे, तो लागट आहे, औषध दोघांनी घ्यायचं असतं, डॉक्टरांनी नावानं लिहून दिलंय, एवढं सांगा. त्याहून जास्त विचारलं तर फोन मला लावून द्या. डॉक्टरांनी त्यांच्या नावाची वेगळी चिठ्ठी लिहिली आणि सवयीनं बजावलं की गोळ्या चालू असताना आणि नंतर दोन-तीन दिवस दारू अजिबात चालायची नाही, भयंकर उलट्या होऊ शकतात.

बाईंनी पदर सावरला, पहिल्यांदाच सरळ डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं.

"मग महिनाभराच्या लिहा की."