दोन काचांमध्ये खरं पान ठेवून भट्टीत फ्यूज केलं, म्हणजे तापवून काचा एकमेकींत वितळवल्या, तर पान टिकतं का?

पान जळतं, पण त्याची राख दोन काचांच्या मध्ये अडकून राहते आणि शिरांसकट पांढुरका ठसा उमटतो. हिरवा रंग मात्र मुळीच राहत नाही.

पान आठवडाभर जाड पुस्तकात दाबून पूर्ण वाळवा. ओलं पान ठेवलंत तर वाफेचे मोठे बुडबुडे येतात. बांबूचं पान जरूर वापरून बघा, त्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे राख चांगली उरते. देठ काचेच्या कडेपर्यंत येऊ द्या, म्हणजे धुराला वाट मिळते. तापमान सावकाश चढवा, ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास थांबा, हवा निघून जाऊ दे. मग साधारण ८०० अंशांना दोन्ही काचा एकजीव होतात.

दोन्ही काचांचा प्रसरणांक (तापल्यावर काच किती प्रसरण पावते, तो आकडा) एकच हवा, दोन्ही ९० किंवा दोन्ही ९६. खिडकीची काच यांच्यात मिसळू नका, थंड होताना तडकतेच, कधी काही दिवसांनीही. ९० ची काच असेल तर उतरताना ४८२ अंशांना तासभर तरी धरा, आणि भट्टी गार होईपर्यंत झाकण उघडू नका. पान जळताना धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा.