प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तींकडून एक प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. कोणी म्हणते, ‘चर्चला नेमाने जाते, पण आत काहीच हलत नाही’, तर कोणी सरळच विचारतो, ‘मी ढोंगी आहे का?’ माझा विश्वास खरा आहे, की लहानपणापासून अंगवळणी पडलेली ही नुसती रीत आहे, ही त्यामागची शंका असते. ती मुख्य तक्रार म्हणून क्वचितच पुढे येते. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते अशा कारणांनी भेट ठरते, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीअखेर, चपला पायांत सरकवताना, हा प्रश्न दारातून विचारला जातो.

येथे मी एका गृहस्थांविषयी लिहिते आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि कित्येक महिन्यांच्या भेटी चार-दोन संवादांत आणल्या आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, मंडळीचे (म्हणजे त्यांच्या चर्चचे) खजिनदार, रविवारची उपासना न चुकवणारे, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग वेळेवर देणारे, उपवासकाळाचे चाळीस दिवस काटेकोर पाळणारे. घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना तेच चालवत.

“मॅडम, परवा प्रार्थना म्हणता म्हणता मी डोळे उघडले,” ते म्हणाले. “सगळ्यांचे मिटलेले होते. माझे तोंड प्रार्थना म्हणत होते आणि डोक्यात मंडळीच्या जमाखर्चाची बेरीज चालली होती. दोन्हींत एकही चूक झाली नाही.”

“मग काय वाटले?”

“भीती वाटली. तीस वर्षे हेच करत आलो असेन तर?”

त्यांनी स्वतःचा निवाडा आधीच करून टाकला होता. ओठांनी सन्मान करणाऱ्या, पण अंतःकरणाने दूर असलेल्या लोकांविषयीचे बायबलमधील यशया या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातील आणि येशूने पुन्हा उच्चारलेले वचन त्यांनी मला पाठ म्हणून दाखवले. उपाय म्हणून ते पहाटे चारला उठून आणखी एक तास प्रार्थना करू लागले होते. त्यांच्या एका मित्राने नेमका उलट सल्ला दिला होता: मन लागत नाही तोवर सगळे बंद कर, निदान खोटेपणा तरी होणार नाही. हे दोन्ही उपाय मी वारंवार पाहते आणि दोन्ही मला पटत नाहीत. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशूने खडसावले खरे, परंतु त्याच वाक्यात न्याय, दया आणि विश्वास यांना मुख्य ठरवून, त्या करताना बाकीच्या गोष्टीही सोडायच्या नव्हत्या, असे तो म्हणाला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायातला हा अर्धा भाग आपण सहसा गाळतो.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये धार्मिकतेच्या दोन दिशा मांडल्या: धर्माचा वापर करणे आणि धर्म जगणे. ही मांडणी मोलाची आहे, पण अपराधी भावनेने पछाडलेल्या माणसाच्या हाती ती चाबकासारखी पडते, कारण तो लगेच स्वतःला पहिल्या गटात टाकतो. वस्तुतः एकाच माणसात, एकाच रविवारी, दोन्ही दिशा नांदतात. त्यामुळे ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे’ हा प्रश्न मी विचारत नाही. आत जे आहे आणि बाहेर जे बोलले जाते ते कोठे एकमेकांपासून तुटले, तेवढे मी शोधते. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर झाली आहे. ते मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

पाचव्या भेटीत मी त्यांना प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणायला सांगितली. अर्ध्या मिनिटात त्यांनी ती संपवली.

“आता पुन्हा म्हणा. प्रत्येक ओळीनंतर थांबा, आणि पुढची म्हणावीशी वाटली तरच म्हणा.”

ते थोडे हसले, पण म्हणू लागले. पित्याचे नाव, राज्य, इच्छा, रोजची भाकर. मग ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ आली आणि तिच्या मध्यावर त्यांचा आवाज थांबला. बराच वेळ ते टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, “माझा धाकटा भाऊ माझे पैसे देणे लागतो. सहा वर्षे झाली. आम्ही बोलत नाही.”

‘आणि ही ओळ तुम्ही रोज म्हणता?’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले, आणि या व्यवसायात मी जे थोडे बरे केले असेल त्यात त्या दिवशीच्या गप्प राहण्याची गणना मी करते. कारण ते वाक्य मी उच्चारले असते तर तो माझा आरोप झाला असता, आणि आरोपाला उत्तर देण्यात ते वाकबगार होते. काही वेळाने ते स्वतःच बोलले: “दिवसातून दोनदा मी देवाला सांगतो की मी सोडले आहे.” पुन्हा शांतता. “सोडलेले नाही.”

त्या क्षणी मला त्यांच्या घाईचा अर्थ लागला. त्यांची प्रार्थना विश्वास आटल्यामुळे पोकळ झाली नव्हती. एक गोष्ट देवासमोर न्यायची नाही असे ठरून गेले होते, आणि त्या एका ओळीवरून न अडखळता पुढे जाता यावे म्हणून सगळीच प्रार्थना भरभर म्हणावी लागत होती.

“मग क्षमा करून टाकू का?” त्यांनी खजिनदाराच्या तत्परतेने विचारले. “आज संध्याकाळीच करतो.”

“नको. तोही एक विधीच होईल. ती ओळ खरी वाटत नसेल तेव्हा तिथे गप्प राहा.”

“चर्चमध्ये? सगळ्यांच्या देखत?”

“सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, असे तुम्हीच सांगितलेत.”

पुढच्या भेटीत ते म्हणाले, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला उपासनेत लाज वाटली, आणि ती लोकांची नव्हती.” खरा विश्वास आणि बाह्याचार यांतला फरक मला याहून नेमका कोणी सांगितलेला नाही.

अशीच शंका असणाऱ्या वाचकांना मला प्रथम हे सांगायचे आहे की कोरडेपणा आणि लपवाछपवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्या कित्येक दशकांच्या आंतरिक अंधाराचे वर्णन वाचून अनेकांना धक्का बसला. पण त्यांनी तो अंधार आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांपासून लपवला नव्हता आणि प्रार्थनाही सोडली नव्हती. भावना ओसरली म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. दुसरे असे की याला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे. तेव्हा आठ आठवड्यांत स्वतःला नापास करू नये.

एक इशारा मात्र गंभीरपणे देते. प्रार्थना ‘बरोबर झाली’ असे वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणावी लागत असेल, एकच पाप कितीदाही कबूल करून चैन पडत नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न राहिलेला नसून मनोविकारतज्ज्ञांना भेटण्याचा विषय आहे. जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस 1522 मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे अशाच छळातून जात होते आणि जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचले होते. अशा माणसाला आणखी आत्मपरीक्षण करायला सांगणे क्रूरपणाचे आहे.

आमचे खजिनदार त्या वाटेचे नव्हते. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातील वचन त्यांनीच एकदा काढले. मी ते जाणीवपूर्वक टाळत आले होते. त्यानंतर त्यांनी भावाला फोन केला. पहिल्यांदा तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा बोलणे झाले, पण पैशांचा विषय कोणीच काढला नाही. ते पैसे अजून परत आलेले नाहीत. त्या ओळीपाशी ते आता काही दिवशी थांबतात आणि काही दिवशी ती म्हणतात. घरच्या प्रार्थनेला हल्ली फार वेळ लागतो, अशी त्यांच्या मुलीची तक्रार आहे.