वाचकांचे प्रश्न : चार गावांचं बियाणं

प्रश्न : आमच्या चार गावांत मिळून बरेच बचत गट आहेत. प्रशिक्षणं पुष्कळ झाली, प्रमाणपत्रंही मिळाली. उत्पन्न मात्र तेवढंच राहिलं. आता चारही गावांनी मिळून सोयाबीन बियाण्याचं काम करायचं मनात आहे. सुरुवात कशी करावी? (ग्रामसंघ म्हणजे गावातल्या बचत गटांचा संघ, त्याच्या पदाधिकारी, कळंब तालुका, जि. धाराशिव)

उत्तर : काम चांगलं निवडलंत. शिकलेलं लगेच हाताखालून गेलं नाही की विसरतं, म्हणून प्रशिक्षणाच्या तारखा कामावरून ठरवा. बियाण्याच्या कामात मोक्याच्या वेळा दोन : ऑक्टोबरची मळणी आणि पेरणीआधीचा मे महिना. तुमच्याकडची अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तेव्हा मळणीचं शिक्षण सप्टेंबरातच उरका आणि उगवण चाचणीचं एप्रिलअखेर, मंडळी परतल्यावर घ्या. प्रत्येक गावातून दोघी निवडा. त्यातली एक तरी वर्षभर गावात राहणारी हवी.

सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होतं, म्हणजे फुलाला त्याचेच पराग लागतात. त्यामुळे परभणी विद्यापीठाच्या एमएयूएस ६१२ सारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढं दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. घात होतो तो मळणीत. दाण्याचं टरफल पातळ, अंकुर अगदी त्याच्या लगत. ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास असताना मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० असावेत. यंत्रवाला घाईत वेग वाढवतो; दाणा वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. एकट्या शेतकऱ्याचं तो ऐकेलच असं नाही. चार गावांचं बियाण्याचं सगळं काम एकत्र देऊन भाडं ठरवतानाच वेगाची अट घाला, आणि शिकलेली बाई यंत्रापाशी उभी करा. एकत्र येण्याचा खरा फायदा इथं दिसतो.

साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मापक चार गावांत मिळून एक पुरतो, फक्त तो कोणत्या दिवशी कोणाकडे हे आधी लिहून ठेवा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा, चार-पाचांपेक्षा उंच थप्पी नको. पोतं वरून टाकू नका, आपटू नका.

मे महिन्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या बियाण्यातून सरमिसळ नमुना घ्या. १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाचव्या-सहाव्या दिवशी सशक्त कोंब मोजा. अशी चाचणी तीनदा करून सरासरी काढा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं घ्या. ६० उगवले तर ३५ किलो. त्याहून कमी असेल तर ते बियाणं म्हणून देऊच नका, धान्य म्हणून विका. ही चाचणी शेजारच्या गावच्या बायकांनी करावी असं आम्ही आग्रहानं सांगू. आपल्याच भावकीचं बियाणं नापास ठरवणं जड जातं, आणि एकदा खराब बियाणं गेलं की पुढच्या वर्षी कोणी दारात येत नाही.

वही चारही गावांची एकच : शेतकरी, वाण, मळणीची तारीख, ओलावा, उगवण, किलो, दर.

विक्रीबद्दल एक सावधगिरी. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवता, देता, विकता येतं. मात्र संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं नाव छापून विकता येत नाही.

प्रश्न : लगेच शेतकरी उत्पादक कंपनी काढावी का? (वाचक, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीची नोंदणीकृत कंपनी. तिची घाई नको. नोंदणीला किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात, तेवढे सहज जमतात. जड जातं ते पुढचं : दरवर्षीचं लेखापरीक्षण, वार्षिक सभा, कंपनी निबंधकांकडची विवरणपत्रं. उलाढाल नसेल तर हा खर्च भागभांडवलच खातो, आणि विवरणपत्रं चुकली की वर दंड. एक पूर्ण हंगाम ग्रामसंघामार्फत खरेदी-विक्री करा. पैसे वेळेवर वाटले गेले आणि वहीचा मेळ बसला, तर त्याच वहीवरून लेखापालाला वर्षाचा खर्च काढायला सांगा. नफ्यातून तो निघत असेल तरच अर्ज करा.