काऊला घरात कधी घ्यायचं?

प्रिय लेका,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगायला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तू केलेला तक्ताही पाहिला. राग, भीती, दुःख, प्रत्येकासाठी एकेक गोष्ट आणि शेवटी तीन-तीन प्रश्न. मेहनत दिसते त्यात. तरी पहिल्या शनिवारी तो तक्ता घरीच ठेव. का, ते सांगते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा तू शाळेत असशील. ओढ्याकाठच्या घरांत पाणी शिरलं, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. काही आठवड्यांनी मी तिथल्या मुलांमध्ये जाऊन बसले. सगळी लहानगी, म्हणून सवयीने चिऊ-काऊची गोष्ट काढली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. 'एकदा काय झालं, मोठ्ठा पाऊस आला' म्हणाले आणि माझी जीभ अडखळली. समोरच्या कितीतरी मुलांची घरं त्या रात्री पाण्यात होती. गोष्ट बदलावी का, अशा विचारात होते, तेवढ्यात एक सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "सांगा ना. वाहून गेलं ना काऊचं घर?"

मग सांगितली. काऊ चिऊच्या दारात आला. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.' 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.' ती मुलगी ताडकन उठली. "किती वेळ थांबवणार त्याला? भिजलाय तो!" मी म्हटलं, "मग काय करू या?" तिने हवेतच कडी काढली, काऊला आत घेतलं आणि म्हणाली, "त्याचं दप्तर पण भिजलंय. ते आधी वाळत घाला."

कावळ्याचं दप्तर. मी काहीच विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ते दप्तर पिळलं, एकेक वही दोरीवर टाकली, चिमटे लावले. पुढचे तीन आठवडे तिला तीच गोष्ट हवी असायची, आणि दप्तर वाळल्याशिवाय ती पुढे सरकू द्यायची नाही. चौथ्या खेपेला स्वतःच म्हणाली, "वाळलं. आता भोपळ्यातल्या म्हातारीची सांगा."

'तुझंही दप्तर भिजलं होतं का गं, तुला वाईट वाटलं का?' असं मी तेव्हा विचारलं असतं, तर ती मिटून गेली असती. कावळ्याच्या आडून मुलाला स्वतःचं बोलता येतं. तो आडोसा आपण काढून घ्यायचा नाही. काऊला थंडी वाजतेय का, त्याला आत्ता कोण हवंय, असं गोष्टीतच राहून विचार. आणि तात्पर्य सांगू नकोस, लेका. तात्पर्य आलं की मुलांना कळतं, आता शाळा सुरू झाली.

खेळाचंही तसंच. पुरानंतर ही मुलं 'पाणी आलं, पळा' खेळायची. एक जण ओरडायचा, बाकीची बाकांवर चढायची. मोठी माणसं चिडायची, "असलं अभद्र खेळू नका." त्यांचंही दुःख ताजं होतं, त्यांना दोष नाही देत मी. पण त्या रात्री मुलांच्या हातात काहीच नव्हतं. खेळात पाणी कधी येणार, कुणाला वर ओढून घ्यायचं, पाणी ओसरणार कधी, सगळं तीच ठरवतात. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ मध्ये खेळातून उपचार करण्यावर पुस्तक लिहिलं, त्यातही हाच आग्रह आहे: वाट मुलाने दाखवायची, मोठ्याने मागून चालायचं, मर्यादा घालायच्या त्या गरजेपुरत्या. तू एवढंच बघ, कुणी बाकावरून पडत नाही ना, कुणी कुणाला लागेल असं ढकलत नाही ना.

एक मात्र नीट लक्षात ठेव. कुणी आठवडेच्या आठवडे तोच खेळ तसाच खेळत असेल, त्यात कुणीच वाचत नसेल, खेळून मूल आणखीच घाबरंघुबरं होत असेल, घरी झोप लागत नसेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. आई-वडिलांशी शांतपणे बोल, समुपदेशकाकडे पाठव. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांना लिहून दे.

आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कुठल्याही मुलाला देऊ नकोस. एखाद्याने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. मुलाला खोदून प्रश्न विचारू नकोस. 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हण आणि लगेच मला फोन कर, रात्र असली तरी. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, चाइल्डलाइनचा, १०९८ पाठच करून ठेव.

खेळणी विकत आणू नकोस. दोन जुन्या ओढण्या, दोरी, रिकामी खोकी, थोडी शाडूची माती, झालं. भातुकली मांडलीस तर मुलग्यांनाही हाक मार. चुलीपाशी बसलेला मुलगा घरातलं जे बोलून जातो, ते क्रिकेट खेळताना त्याच्या तोंडून कधी निघत नाही.

रविवारी सकाळी घरी ये, पोहे करते. कुठल्या मुलाने गोष्ट कुठे थांबवली, ते आठवून ये.

तुझी,
मावशी