नवऱ्याच्या एचआयव्हीवरच्या (एआरटीच्या) गोळ्या सुरू झाल्यात आणि त्रास होतोय, चार दिवस थांबवून बघू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना टीएलडी, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली रोजची गोळी, सुरू होऊन अकरा दिवस झाले, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, मळमळतं, चिडचिड होते आणि सासूबाईंना काहीच माहीत नाही. कृपा करून गोळी थांबवू नका. मध्येच बंद केली की विषाणू पुन्हा वाढतो, आणि असं वारंवार झालं तर त्याच औषधाला तो दाद देईनासा होतो.

आमच्या घरी हे तीन वर्षांपूर्वी झालं. आम्ही भांडुपला, एक खोली आणि मोरी. ह्यांना तिसऱ्या दिवसापासून डोकेदुखी, अर्धवट झोप, आणि डोळा लागलाच तर अशी स्वप्नं पडायची की दचकून उठून बसायचे. मला वाटायचं, आजारच वाढतोय. पडद्यापलीकडे सासूबाई झोपलेल्या, म्हणून रात्री दोन वाजता आम्ही मोरीच्या उंबऱ्यावर बसून कुजबुजत बोलायचो.

हे गोळी रात्री घेत होते, कारण कोणीतरी सांगितलं होतं की ही गोळी झोपतानाच घ्यायची. ते आधी मिळायची त्या जुन्या टीएलई गोळीचं. तिच्यात इफाविरेन्झ असायचं, त्याने गरगरायचं, म्हणून रात्री. टीएलडीमध्ये त्याच्या जागी डोल्युटेग्राविर आहे आणि ते काहींची झोप उडवतं. एआरटी सेंटरच्या समुपदेशक मॅडमना विचारून आम्ही वेळ सकाळी सहाची केली, आमच्याकडे पाणी येतं ती. पिंप भरतानाच्या आवाजात डबीची खडखड कोणाला ऐकू येत नाही आणि पाण्याची वेळ चुकत नाही, तशी गोळीचीही चुकली नाही. आठवड्याभरात झोप बरीच सुधारली. मळमळ जायला तीनेक आठवडे लागले. रिकाम्या पोटी त्यांना जास्त व्हायचं, म्हणून आधी अर्धी चपाती द्यायचे.

आता माझी चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. मळमळ थांबावी म्हणून मी गोळीपाठोपाठ दोन झाकणं अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध पाजत होते. पुढच्या खेपेला औषध देणाऱ्या ताईंनी विचारलं, आणखी काय काय घेता? मी सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं. त्या पातळ औषधातलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं, ते नीट अंगी लागत नाही. म्हणून गोळी अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच, फक्त त्या जेवणासोबत एकत्र घेतल्या तर चालतात. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही नक्की सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर रोज लिहायचे: तारीख, 'झो ४', 'म'. म्हणजे झोप चार तास, मळमळ. दुसऱ्या कोणाला कळायचं नाही आणि डॉक्टरांना दोन मिनिटांत सगळं समजायचं. सारखं "कसं वाटतंय?" विचारणंही त्यामुळे थांबलं. ह्यांची चिडचिड त्या प्रश्नानेच जास्त व्हायची.

काही गोष्टींना मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे पिवळे, उलट्या थांबत नाहीत, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलले, तर त्याच दिवशी जा. नवा ताप, खोकला, मानेला गाठी आल्या तरीही. उपचारांनी प्रतिकारशक्ती जागी होते तेव्हा दडलेला टीबी कधीकधी वर येतो.

सासूबाईंचं म्हणाल, तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार मिस्टरांच्या संमतीशिवाय सेंटरवाले त्यांना काही सांगू शकत नाहीत. रात्री जीव घाबरला तर १०९७ ला फोन करा, पैसे लागत नाहीत.

आणि तुमची स्वतःची तपासणी झाली का? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीये. साधारण ६ महिन्यांनी मिस्टरांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, काढतील. तो दबलेला आला आणि गोळ्या नियमित राहिल्या तर त्यांच्याकडून शरीरसंबंधातून तुम्हाला लागण होत नाही. तोवर निरोध वापरा. पुढच्या तारखेला तुम्हीही सोबत जा, आणि घरात ते घेतात त्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, अ‍ॅसिडिटीची बाटलीसुद्धा.