ट्रायटन इंजिनाचे जुने स्पार्क प्लग न तोडता काढण्याविषयी

आपली फोर्ड एफ-१५० पिकअप ही २००६ सालची आहे, तिचे इंजिन ५.४ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेले ट्रायटन व्ही-८ आहे, ती १ लाख १२ हजार मैल चालली आहे आणि प्लग अजून कारखान्यातून आले तेच आहेत. तुटलेल्या प्रत्येक प्लगमागे गॅरेजवाल्याने वेगळे पैसे सांगितल्यामुळे हे काम घरीच करता येईल का, असे आपण विचारले आहे. करता येते. माझी एक आणि मित्रांच्या तीन अशा ४ गाड्यांचे ३२ प्लग मी आजवर काढले आहेत. त्यांतले ३ तुटले, आणि तिन्ही वेळा चूक माझ्या घाईचीच होती.

हा प्लग तुटतो का, ते आधी समजून घ्यावे. नेहमीच्या प्लगचे आटे संपले की खाली फक्त इलेक्ट्रोडचे टोक उरते. या प्लगला मात्र आट्यांच्या खाली एक लांब, बारीक पोलादी नळी असते, आणि ती प्लगच्या अंगातूनच घडवलेली नसून वेगळी करून दाबून बसवलेली असते. नळी आणि हेडचे (सिलिंडरांवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भागाचे) भोक यांच्यामधल्या केसभर फटीत वर्षानुवर्षे काजळी साचून दगडासारखी घट्ट होते. आपण वरून पाना फिरवतो तेव्हा आटे सुटू लागतात, पण खालची नळी काजळीने धरून ठेवलेली असते, आणि सगळा ताण त्या दाबून केलेल्या जोडावर येतो. म्हणून येथे जोर लावण्याचा प्रश्न नसून काजळी मऊ करण्याचा प्रश्न आहे. योगायोग असा की, याच घराण्यातल्या आधीच्या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाची तक्रार नेमकी उलटी होती: त्याच्या हेडला आटेच इतके थोडे होते की चालत्या गाडीत प्लग बाहेर उडून येत.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर गाडी तयार झाल्याचा महिना असतो. एफ-१५० ऑक्टोबर २००७ च्या आधीची असेल, तर जुना प्लग गृहीत धरावा. त्यानंतर हेड आणि प्लग दोन्ही बदलले. आपल्या गाडीबाबत शंकेला जागा नाही. (महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रकार नवा वाटतो, कारण तिकडच्या बहुतेक पिकअप डिझेलच्या, म्हणजे त्यांना स्पार्क प्लगच नाही, आणि प्लग पाना म्हटला की आठवतो तो स्कूटरच्या डिकीतला.)

इंजिन पूर्ण थंड असावे, म्हणजे गाडी रात्रभर उभी असावी. गरम इंजिनावर प्लग सहज निघतो असे सांगणारे अनुभवी लोक पुष्कळ आहेत, आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्यामुळे त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. परंतु गरम ॲल्युमिनियमचे आटे लवकर ओरबाडले जातात, आणि काजळी मऊ करण्यासाठी पुढे वापरायचे कार्ब्युरेटर क्लीनर ज्वलनशील असून गरम धातूवर क्षणात उडून जाते. फोर्डच्या स्वतःच्या सूचनेतही थंड इंजिनच सांगितले आहे, आणि मी तेच पाळतो.

कॉईल (प्रत्येक प्लगवर बसलेला, ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) काढण्यापूर्वी आणि काढल्यावर प्लग ज्यात बसतो तो प्रत्येक खळगा कॉम्प्रेसरच्या हवेने स्वच्छ करावा. मग ९/१६ इंची प्लग सॉकेट लावून प्लग जेमतेम पाव फेरा सोडावा, त्याहून जास्त नाही. आता खळग्यात अर्धा ते एक चहाचा चमचा कार्ब्युरेटर क्लीनर सोडावे. फोर्डच्या सूचनेप्रमाणे निदान १५ मिनिटे थांबावे लागते. मी संध्याकाळी हे करून बॉनेट लावतो आणि सकाळी येतो. अधिक द्रव ओतल्याने काम लवकर होत नाही. तो सिलिंडरमध्ये उतरतो, आणि पिस्टनला द्रव दाबता येत नसल्यामुळे सुरू करताना इंजिन मोडण्याची वेळ येते.

यानंतरचे सगळे मनगटावर आहे. इम्पॅक्ट गनला (हिसके देत फिरवणाऱ्या यंत्राला) हात लावू नये. रॅचेटने प्लग किंचित आवळावा, किंचित सोडावा, पुन्हा आवळावा. सुरुवातीला तो झटके देत फिरतो आणि कर्रकर्र असा कोरडा आवाज करतो. ३३ फूट-पाउंडाच्या (पिळण्याच्या जोराचे माप) आसपास जोर लागणे येथे नेहमीचेच आहे, त्याने घाबरू नये. जोर त्याच्या वर जाऊ लागला, तर प्लग परत आवळून थोडे क्लीनर घालावे आणि पुन्हा थांबावे. आवाज कोरडा न राहता चिकट होत गेला आणि झटके कमी झाले, की काजळी सुटू लागली असे समजावे.

माझा पहिला प्लग तुटला तो चौथ्या सिलिंडरचा, म्हणजे प्रवाशाच्या बाजूचा सर्वांत मागचा. आधीचे तीन सुखरूप निघाल्यामुळे मी निर्धास्त झालो होतो, तेथे हातही नीट पोहोचत नव्हता, आणि सांध्याचे एक्स्टेन्शन लावल्यामुळे धातूचा प्रतिसाद बोटांना कळत नव्हता. फिरवता फिरवता हात एकदम हलका झाला. प्लग वर आला तो आखूड; खालची नळी आत राहिली होती आणि तिच्यात प्लगच्या चिनी मातीचा पांढरा तुकडा दिसत होता. म्हणून निघालेला प्रत्येक प्लग नव्या प्लगशेजारी ठेवून त्याची लांबी ताडून पाहावी.

तुटलाच, तर हेड उतरवण्याची भाषा लगेच करू नये. लिस्ल कंपनीचे ६५६०० क्रमांकाचे हत्यार नेमके याचसाठी आहे: त्याचा एक भाग चिनी मातीचा तुकडा नळीत खाली ढकलतो, दुसरा नळीत आटे पाडून तिला पकडतो, आणि मग नट फिरवला की नळी वर येते. माझे त्या एका भोकामागे तीन तास गेले, पण हेड जागेवरच राहिले. काम सुरू करण्याआधीच हे हत्यार आणून ठेवावे, कारण रविवारी संध्याकाळी उघड्या इंजिनासमोर उभे राहून ते मागवण्यासारखे दुःख नाही.

सर्व प्लग निघाल्यावर कॉईलचे कनेक्टर सुटेच ठेवून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून इंजिन काही सेकंद नुसते फिरवावे, म्हणजे आत उतरलेला द्रव बाहेर पडतो. त्या वेळी खळग्यांवर जुनी फडकी टाकावीत आणि तोंड दूर ठेवावे. नवे प्लग घेताना चॅम्पियन कंपनीचा एकसंध प्लग मिळतो, तो मी पसंत करतो, कारण त्यात वेगळी नळी नाही. निकेलयुक्त अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर फक्त खालच्या नळीवर लावावा. आट्यांवर आणि इलेक्ट्रोडच्या टोकावर नको. प्लग आधी हातानेच बसवावा आणि टॉर्क पान्याने २५ फूट-पाउंडाला आवळावा. कॉईलच्या रबरात थोडे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस घालावे.

प्रथम सुरू केल्यावर काही मिनिटे सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, तो उरलेल्या क्लीनरचा असतो. धूर थांबल्यावरही इंजिन अडखळत असेल, तर प्लगला दोष देण्यापूर्वी कॉईलचे कनेक्टर पाहावेत. माझ्या अनुभवात बहुधा मागच्या बाजूचा एखादा पुरता बसलेला नसतो.